इथेनॉलचा अपुरा हिशेब

देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण आयात करतो. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायलाही ही गरज भागवता आली नाही. म्हणूनच पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा आराखडा नीती आयोगाने जून २०२१ मध्ये मांडला. आराखडा मुद्देसूद आहे. आमचा आक्षेप आहे तो हिशेबाला.

आधी ऊर्जा पाहू. एक लिटर पेट्रोलपासून सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, इथेनॉलपासून २१. म्हणजे एक लिटर मिश्रणातून मिळणार २९.८ आणि त्यात इथेनॉलचा वाटा १४ टक्केच! पूर्वीच्या घडणीच्या मोटारी लिटरमागे ६-७ टक्के कमी धावतील, हे आराखडाही प्रांजळपणे सांगतो. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

आता पाणी. उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, हा आकडा आराखड्यातलाच. म्हणजे असे इथेनॉल घातलेल्या लिटरभर मिश्रणामागे सुमारे ५७० लिटर, जवळजवळ तीन पिंपे पाणी! वर्षाला चार अब्ज डॉलर वाचतील असे सांगताना या पाण्याचे मोल मात्र धरलेले नाही. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या आम्हांला हे खटकते. २०१६ साली आमच्याच मराठवाड्यातील लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते.

मक्यासारख्या कमी पाण्याच्या पिकांकडे वळावे, ही आराखड्याची शिफारस योग्यच आहे. ती अमलात येईपर्यंत तेलाची टंचाई पाण्याच्या टंचाईवर ढकलण्याला ऊर्जासुरक्षा कसे म्हणावे?