अन्न, पातक आणि लज्जा : मराठी आत्मचरित्रांतील एका सूत्राचा विचार

१

मराठी आत्मचरित्रांचा विचार प्रायः समाजसुधारणा, स्त्रीजीवन आणि जातिव्यवस्था या अंगांनी केला जातो. या तिन्ही अंगांना स्पर्श करणारे एक सूत्र त्यामुळे काहीसे दुर्लक्षित राहिले आहे. ते सूत्र म्हणजे अन्नाविषयीचा अपराधभाव. आत्मचरित्रात जेवणाचे उल्लेख येतात तेव्हा अभ्यासक त्यांची नोंद सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून करतात : अमुक काळी अमुक पदार्थ खाल्ले जात, अमुक हातचे पाणी चालत नसे, इत्यादी. परंतु खाणाऱ्याच्या मनात त्या घासाने काय उलथापालथ केली, त्या घासाचे ओझे त्याने किती वर्षे वाहिले आणि ते उतरले असेल तर कशाने उतरले, हा प्रश्न वाङ्मयीन आहे. आणि त्याचे उत्तर नोंदींपेक्षा निवेदनाच्या पद्धतीतच अधिक सापडते.

अलीकडे आहारशास्त्रात व मानसशास्त्रात 'अन्नाशी निर्मळ नाते' या विषयाची बरीच चर्चा होते. खाण्याविषयी मनात अपराधाची भावना नसावी, आपल्या भुकेवर आणि तृप्तीवर विश्वास असावा, असा तिचा आशय आहे. ही चर्चा मराठी वाचकापर्यंत प्रामुख्याने पाश्चात्त्य ग्रंथांवरून येते. मात्र अन्नाविषयीचा अविश्वास आणि त्यातून बाहेर पडण्याची धडपड हा अनुभव मराठी गद्याला नवा नाही. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून भागशः प्रकाशित), दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (ग्रंथरूपाने १९८६) आणि शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) ही पाच पुस्तके या दृष्टीने एकापुढे एक ठेवून वाचली, तर या अनुभवाची दोन निराळी रूपे स्पष्ट होतात. त्यांना येथे 'पातक' आणि 'लज्जा' अशी नावे देऊन विचार केला आहे. पातक हे कृत्याचे असते आणि म्हणून त्याला प्रायश्चित्त असते. लज्जा ही आपल्या असण्याचीच असते; तिला शास्त्राने प्रायश्चित्त सांगितलेले नाही.

२

पातकाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाचे. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनऱ्यांच्या निमंत्रणावरून पुण्यातील अनेक प्रतिष्ठित मंडळी तेथे जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, तसेच टिळकही होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध करविली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले. प्रायश्चित्ताचा निर्णय झाला. आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले.

या प्रकरणाचा राजकीय अर्थ अनेकदा सांगितला गेला आहे. अन्नविचाराच्या दृष्टीने लक्षणीय बाब निराळी आहे. मिशनमध्ये चहा दिला गेला त्या दिवशी कोणाच्याही दृष्टीने पातक घडले नव्हते. ते घडले नावे छापून आली तेव्हा. पेला आणि पातक यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद होता. जो पदार्थ पोटात गेला अथवा न गेला, त्याच्याशी अपराधाचा संबंध अगदीच क्षीण. खरा संबंध होता तो पाहणाऱ्यांच्या नजरेशी. रमाबाईंच्या निवेदनात हे अप्रत्यक्षपणे पण निश्चितपणे उतरले आहे. पतीने मित्रांच्या अडचणींकडे पाहून प्रायश्चित्त घेतले याचे त्यांना दुःख झाले. त्या दुःखात चहाविषयी एक अवाक्षर नाही. रमाबाईंच्या मनाला लागले ते इतकेच, की ज्यात स्वतःला अपराध वाटत नाही त्याचे क्षालन करणे भाग पडावे.

येथे पातकाची एक मर्यादाही दिसून येते. प्रायश्चित्त घेतले की प्रकरण मिटते. समाज पुन्हा पंक्तीला घेतो. व्यक्तीच्या मनात काय उरले, याच्याशी त्या विधीला कर्तव्य नसते. रानड्यांसारख्या पुरुषाला हा व्यवहार व्यवहार म्हणून पार पाडता आला, कारण त्यांच्या आत्मसन्मानाची मुळे त्या पंक्तीच्या बाहेर, विद्येत आणि लोककार्यात रुजलेली होती. ज्यांच्यापाशी असे दुसरे स्थान नव्हते, त्यांचे काय, हा प्रश्न 'आठवणी'त उपस्थित होत नाही. तो पुढच्या पुस्तकांत होतो.

३

'स्मृतिचित्रे'चा प्रारंभ लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याने होतो, हे मराठी वाचकास परिचित आहे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंचे आजोबा फासावर गेले आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचे सोवळे विकोपाला गेले, असे त्या सांगतात. घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. आणि या धुण्याचा जाच बायकामुलांना सोसावा लागे. लक्ष्मीबाईंनी हे सारे विनोदाने सांगितले आहे, आणि टीकाकारांनी त्या विनोदाची योग्य ती प्रशंसाही केली आहे. परंतु विनोदाखाली एक सूक्ष्म निरीक्षण आहे, त्याकडे कमी लक्ष गेले. या सोवळ्याचे मूळ लेखिका धर्मश्रद्धेत दाखवीत नाही, भीतीत दाखविते. जगात एक भयंकर गोष्ट घडली. ती टाळणे हातात नव्हते. हातात होते ते घरात येणारे जिन्नस धुणे. आपल्या आयुष्यावरचा गेलेला ताबा माणूस अन्नावर परत मिळवू पाहतो, आणि अन्न जितके अधिक धुवावे तितके ते अधिक संशयास्पद होत जाते. आहारविषयक विकारांचा आजचा अभ्यासक जी गोष्ट परिभाषेत मांडतो, ती येथे एका मुलीच्या आठवणीच्या रूपाने आली आहे.

अशा घरात वाढलेल्या मुलीच्या पतीने १८९५ साली ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. काही वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरीही आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी काही काळ वेगळी ठेवली. मग विचाराने त्या अशा निष्कर्षाला आल्या की, जाती ईश्वराने केलेल्या नाहीत, त्या माणसाने केल्या आहेत. आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यास हरकत नाही. मराठी आत्मचरित्रवाङ्मयातील हा एक महत्त्वाचा क्षण होय. तथापि त्याचे महत्त्व केवळ मतपरिवर्तनात पाहणे अपुरे ठरेल. विचार एका क्षणात पालटतो, जिभेची आणि पोटाची सवय इतक्या लवकर पालटत नाही. जन्मभर ज्या स्पर्शाची किळस शिकविली गेली, त्या स्पर्शाचे पाणी घशाखाली उतरविणे हे तर्काचे काम नव्हे. 'स्मृतिचित्रे'चा प्रामाणिकपणा असा की, लेखिका मधल्या अवघड काळाला वगळून थेट मुक्तीवर येत नाही. धर्मांतर आणि अन्नांतर यांच्यामधला अवधी ती वाचकाला दाखविते.

हा अवधी कशाने भरला गेला? टिळकांच्या घरात पुढे अनेक निराधार मुले आली, वाढली, जेवली. जिला एके काळी दुसऱ्याच्या हातचे चालत नव्हते, तिच्याच हातचे कोणकोणत्या जातींची मुले खाऊ लागली. अन्नाविषयीचा विश्वास तिला 'खाणारी' म्हणून जितका मिळाला, त्याहून अधिक 'वाढणारी' म्हणून मिळाला, असे पुस्तकाच्या उत्तरार्धावरून म्हणता येते. पातकाला येथे विधीची गरज राहिली नाही. रोजच्या पंक्तीनेच ते हळूहळू निस्तेज केले.

४

'बलुतं' आणि 'जिणं आमुचं' यांच्याकडे वळताच प्रश्नाचे स्वरूप बदलते. येथे निषिद्ध हात कोणाचा, हा प्रश्नच उरत नाही. कारण तो हात निवेदकाचाच आहे. लोक ज्याला विटाळ म्हणतात, तो येथे स्वतःच्या घराचा, स्वतःच्या आईच्या रांधण्याचा आहे. म्हणून येथील भावना पातकाची नसून लज्जेची आहे.

'बलुतं'ची रचना या लज्जेतूनच घडली आहे. दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली हकिकत सांगतो, अशी ती योजना आहे. एकाच माणसाची ही दोन नावे; एक गावकुसाबाहेरचे व कावाखान्यातले, दुसरे शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लिहिणाऱ्या मनुष्याचे. या विभागणीकडे तंत्र म्हणून पाहण्याची प्रथा आहे. परंतु अन्नाच्या संदर्भात ती पाहिली असता तिची अपरिहार्यता पटते. मेलेल्या जनावराच्या मांसाची वाटणी, बलुत्याची भाकर, सुकवून ठेवलेल्या चान्या ही सारी दगडूची भूक आहे; दयाने ती ऐकायची आहे. तोंडाला जी चव ठाऊक आहे ती नावाला ठाऊक असता कामा नये, अशी ही कोंडी आहे, आणि तिला प्रायश्चित्त नाही. पंचहौदचा चहा एकदा प्यालेला होता. ही भाकर रोजची होती.

बेबी कांबळे यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. त्यांच्या शीर्षकातच 'आमुचं' हे अनेकवचन आहे. वीरगावच्या महारवाड्यातील उपासमार, विशेषतः बाळंतिणीची भूक, त्यांनी सांगितली ती एकटीची म्हणून नव्हे. ज्या गोष्टीची एकट्याला लाज वाटते ती सर्वांची म्हणून सांगितली की तिचे ओझे उतरते, असा या निवेदनाचा परिणाम आहे. म्हणूनच 'बलुतं'मध्ये आढळणारी दुभंगलेली जाणीव येथे फारशी नाही. संताप मात्र आहे.

या दोन्ही पुस्तकांच्या मागे डॉ. आंबेडकरांची शिकवण उभी आहे. मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावरांचे मांस व उष्टे अन्न सोडून देण्याचे आवाहन त्यांनी केले. हा त्याग पातकाच्या भीतीतून सांगितलेला नव्हता, हे नीट ध्यानात घ्यावयास हवे. अमुक खाल्ल्याने तुम्ही भ्रष्ट होता, असे त्यात म्हटलेले नाही. अमुक अन्न ज्या अटीवर तुम्हांला मिळते ती अट अपमानाची आहे, हा त्याचा आशय. अपराधभाव आणि स्वाभिमानाने केलेला संयम यांतील भेद मराठीत याहून स्पष्टपणे क्वचितच प्रकट झाला असेल. अपराधभाव माणसाला अन्नापुढे लहान करतो. असा संयम त्याला अन्न देणाऱ्यापुढे ताठ उभा करतो.

तथापि या त्यागाची एक अनपेक्षित बाजूही होती. जे अन्न सोडले त्याबरोबर ते टिकविण्याचे, सुकविण्याचे, थोडक्यात भागविण्याचे आई-आजीचे कसबही विस्मृतीत जाऊ लागले. आणि त्या कसबाची आठवण काढणे हेही लाजेचे झाले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या ठिकाणी येते. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यपरंपरेची ही नोंद आहे. २०२४ साली तिचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या वचनात एक 'अ' घालून लेखकाने जो प्रश्न विचारला आहे, तो असा की, अन्न जर पूर्णब्रह्म, तर कोणाचे अन्न? या पुस्तकात पाककृती आणि आठवणी शेजारी शेजारी आहेत. पाककृतीचे गद्य हे स्वभावतः निःसंकोच असते. अमुक घ्यावे, अमुक टाकावे, शिजू द्यावे. त्यात क्षमायाचना नसते आणि समर्थनही नसते. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' (१९१०) पासून मराठीत चालत आलेल्या या सरळ क्रियापदांत चान्यांची कृती लिहिली जाणे, हीच लज्जेच्या निरसनाची वाङ्मयीन कृती होय. पुस्तकातील वादविवेचनाचा भाग काही ठिकाणी घाईचा वाटतो. कृतींचा भाग मात्र स्वतःच्या बळावर उभा आहे.

५

आता आरंभी उल्लेखिलेल्या आधुनिक चर्चेकडे वळता येईल. सुशिक्षित मध्यमवर्गात पातकाने नवे रूप घेतले आहे. सोवळ्याच्या जागी उष्मांक आले. दिवाळीच्या फराळाचे प्रायश्चित्त दुसऱ्या दिवशीच्या उपासाने अथवा व्यायामाने घेतले जाऊ लागले. पाहणारी नजर आता बाहेर नसून आतच बसलेली असते, एवढाच फरक. या अपराधभावाविरुद्ध एव्हलिन ट्रिबोली व एलिस रेश यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून, देहाच्या भुकेवर विश्वास ठेवण्याचा विचार मांडला. त्याला शास्त्रीय पाठबळ म्हणून मिनेसोटा विद्यापीठातील अँसेल कीज यांच्या प्रयोगाचा दाखला पुष्कळदा दिला जातो. १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सुमारे २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरा विषय राहिला नाही. काही जण पाकशास्त्राची पुस्तके वाचीत बसत. आणि पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक बराच काळ शमेना. निर्बंधाने वासना शमत नाही, ती वाढते, असा निष्कर्ष यावरून काढला जातो आणि तो योग्यही आहे.

परंतु मराठी आत्मचरित्रे वाचलेल्या अभ्यासकास या निष्कर्षातील एक गृहीतक जाणवल्यावाचून राहणार नाही. मिनेसोटातील तरुणांना त्यांची उपासमार कोणत्या दिवशी संपणार हे ठाऊक होते. वीरगावच्या बाळंतिणीला ते ठाऊक नव्हते. 'भुकेवर विश्वास ठेवा' हा उपदेश, भूक लागताच अन्न मिळेल, ही खात्री ज्याला आहे त्यालाच अर्थपूर्ण वाटतो. ज्याला ती नाही, त्याने भुकेवर विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचे? अन्नाशी विश्वासाचे नाते हा केवळ मनाच्या शिकवणुकीचा विषय नाही. उद्याची भाकर, ती देणारा हात आणि ती खाताना आपल्यावर रोखलेली नजर, या तिन्हींची शाश्वती त्याला लागते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने यांपैकी पहिल्या गोष्टीची जबाबदारी राज्यसंस्थेने स्वीकारली. उरलेल्या दोन कायद्याच्या आवाक्यात पूर्णपणे येत नाहीत.

त्या दोन गोष्टींचा इतिहास या पाच पुस्तकांत आहे. पातक हे नजरेतून उत्पन्न होते, हे रमाबाईंच्या निवेदनावरून कळते. त्याचे निरसन एकत्र जेवण्याच्या दीर्घ सवयीने होते, हे लक्ष्मीबाई दाखवितात. लज्जेचे निरसन अशा सहभोजनाने होईलच असे नाही, कारण तेथे पंक्तीत घेणारा उदार ठरतो आणि घेतला जाणारा उपकृत. ती दूर व्हावयास तिच्या मालकाने ती स्वतःच्या शब्दांत सांगावी लागते : आधी दुभंगून, मग समूहाने, आणि शेवटी पाककृतीच्या साध्या क्रियापदांत. 'बलुतं'पासून 'अन्न हे अपूर्णब्रह्म'पर्यंतची सदतीस वर्षे या प्रवासाला लागली. मराठी आत्मचरित्राच्या यापुढील अभ्यासात चूल आणि ताट यांना पार्श्वभूमीच्या तपशिलातून काढून निवेदनाच्या विचारात स्थान द्यावयास हवे, एवढे या विवेचनावरून सुचविता येते.