मिगेल देलिबेस : बंदी आणि संयम

वृत्तपत्रात जे छापता आले नाही ते मिगेल देलिबेस (१९२०–२०१०) यांनी कादंबरीत सांगितले, असे या स्पॅनिश लेखकाविषयी सामान्यतः म्हटले जाते. त्यांनी स्वतःही तसे सांगितले आहे. हे विधान खोटे नाही, तथापि अपुरे आहे. कारण त्यामुळे कादंबरी ही केवळ बातमीची आडवाट ठरते.

वायादोलिद येथील ‘एल नोर्ते दे कास्तिया’ या दैनिकात देलिबेस प्रथम व्यंगचित्रकार म्हणून आले आणि १९५८ मध्ये संपादक झाले. कास्तियाच्या खेड्यांतील दैन्याला त्यांनी वाचा फोडली. फ्रँकोच्या राजवटीशी खटके उडून १९६३ मध्ये त्यांना संपादकपद सोडावे लागले. त्याच सुमाराच्या ‘लास रातास’ (१९६२) या कादंबरीत ओढ्यातील पाणउंदीर मारून जगणारा एक गुहावासी आणि नीनी हा मुलगा यांची कथा आहे. लेखक तेथे गाऱ्हाणे मांडीत नाही. पेरणी, हिमवर्षाव, संतांचे सण या क्रमाने वर्ष सरते आणि दैन्य आपोआप उघडे पडते. नीनीचे शहाणपण मात्र त्याच्या वयाला पेलत नाही, हा दोष मान्य केला पाहिजे.

‘मारिओसमवेत पाच तास’ (१९६६) या कादंबरीत मारिओ प्रथम जिवंत पात्र म्हणून योजिलेला होता. तसे लेखन नियंत्रकांच्या हातून सुटणार नाही हे ओळखून देलिबेस यांनी त्याला मृत दाखविले आणि शवाशेजारी बसलेल्या त्याच्या पत्नीच्या, कार्मेनच्या, तोंडी जवळजवळ सारी कादंबरी घातली. ती नवऱ्याच्या उदार विचारांना नावे ठेवते. आणि ठेवता ठेवता राजवटीला मानणाऱ्या मध्यमवर्गाची कोती मनोवृत्तीच उघडी करते.

मग या कलेचे श्रेय बंदीला द्यावयाचे काय? याचे उत्तर ‘लोस सान्तोस इनोसेन्तेस’ (१९८१) देते. फ्रँको १९७५ मध्ये मृत्यू पावला होता आणि नियंत्रणही संपुष्टात आले होते. आता उघड निषेध करण्यास कोणाची आडकाठी नव्हती. तरीही जमीनदाराच्या वतनावर राबणाऱ्या कुटुंबाची मानहानी सांगताना लेखक निवाडा देत नाही. सहा प्रकरणांतील प्रत्येक प्रकरण एकाच अखंड वाक्यात वाहत जाते, आणि धनी व चाकर यांचे शब्द त्या ओघात शेजारी शेजारी येतात.

भीती सरल्यावरही जो संयम टिकला, तो भीतीतून उपजलेला असणे शक्य नाही. बंदीने देलिबेस यांच्या कलेला प्रसंग पुरविले. तिचा पिंड त्यांचा स्वतःचा होता.