डिस्क भरल्याची सूचना म्हणजे झाडू मारायचा निरोप नव्हे

कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये जा, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये जा किंवा आणखी कुठे, संशोधनाला लागलात की एक ओळ कधी ना कधी भेटतेच: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. त्यानंतरचा कार्यक्रमही बहुतेक लॅबमध्ये ठरलेला असतो. ग्रुपवर मेसेज पडतो, ‘सगळ्यांनी आपापल्या फाइल्स कमी करा’. कुणीतरी जुने लॉग उडवतं. डिस्क १०० वरून ९१ टक्क्यांवर येते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. महिन्याभराने पुन्हा तेच.

या पद्धतीवर मला टीका करायची आहे, कारण ती सूचनेचा अर्थच चुकीचा लावते. डिस्क भरल्याची नोंद म्हणजे झाडू मारायचा निरोप नव्हे. तुमच्या निकालांपैकी काही अर्धवट लिहिले गेले असतील, असं ती सांगते. आधी साफसफाई केलीत, तर कोणते निकाल ते कळायचा मार्गही त्याच केरात जातो.

संदेश कुणाचं नाव घेतो?

फ्रीबीएसडीमध्ये डिस्क भरली की कर्नल लॉगमध्ये एक ओळ लिहितो. त्यात प्रोसेसचा क्रमांक, वापरकर्त्याचा क्रमांक आणि कोणती फाइल सिस्टिम भरली हे असतं. वाचणाऱ्याला वाटतं, सापडला चोर! पण ते नाव डिस्क भरणाऱ्याचं असेलच असं नाही. जागा संपल्यावर ज्याने लिहायचा प्रयत्न केला, त्याचं ते नाव आहे. दादरला दारात लोंबकळणारा माणूस दिसतो, म्हणून अख्खी गाडी त्याने भरली असं होत नाही. ती कल्याणपासून भरत आलेली असते.

लिनक्समध्ये तर कर्नल बहुधा लॉगमध्ये काही लिहितच नाही. तो फक्त लिहू पाहणाऱ्या प्रोग्रॅमला २८ क्रमांकाची एरर परत देतो. पुढे काय करायचं हे प्रोग्रॅमने ठरवायचं. पायथन निदान आरडाओरडा करतं. पण सी भाषेत लिहिलेला जुना सिम्युलेशन कोड लिहिण्याच्या आणि फाइल बंद करण्याच्या कॉलची परतीची किंमत तपासत नसेल, तर तो शांतपणे पुढे जातो आणि शेवटी ‘पूर्ण झालं’ असं छापतोही. फाइल जागेवर दिसते, नाव बरोबर असतं, फक्त शेवटच्या काही हजार ओळी नसतात. तुम्ही त्यावर सरासरी काढता आणि ती प्रबंधात जाते.

टक्के फसवतात

‘९० टक्के भरली’ हा इशारा सगळीकडे असतो. पण १० टेराबाइटच्या डिस्कवर ९० टक्के म्हणजे १ टेराबाइट मोकळा. रोज २० जीबी लिहिले जात असतील तर ५० दिवस आहेत. तासाला २०० जीबी जात असतील तर पाच तास. आकडा तोच, पण एका वेळी चहा पिऊन या आणि दुसऱ्या वेळी धावत जा.

हे परळ-लालबागच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या, आणि ती क्षमता दुप्पट करण्याची शिफारस १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात झाली. मोजमाप ‘तासाला’ असं आहे, हे लक्षात घ्या. दिवसभर रिमझिम पडून जेवढं पाणी येतं, तेवढंच भरतीच्या वेळी दोन तासांत कोसळलं तर हिंदमाता तुंबतं. डिस्कचंही तसंच आहे. किती भरली यापेक्षा कोणत्या वेगाने भरतेय हे विचारायला हवं.

दुसरी फसवणूक एकाच आकड्यावर विसंबण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३-७४. कुलाब्याचा आकडा खोटा नव्हता, पण त्यावरून शहराबद्दल काही ठरवता आलं नसतं. ‘डीएफ’ कमांड प्रत्येक फाइल सिस्टिमची वेगळी ओळ दाखवते ती यासाठीच. घरच्या डिरेक्टरीत भरपूर जागा असताना लॉगचं किंवा तात्पुरत्या फाइल्सचं पार्टिशन पूर्ण भरलेलं असू शकतं.

त्यातही खाचाखोचा आहेत. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. ४ टेराबाइटवर ती २०० जीबी होते, म्हणून तुमचा जॉब मरतो आणि रूटने चालणाऱ्या सेवा मात्र लिहीत राहतात. लाखो छोट्या फाइल्स केल्यात तर जागा असूनही आयनोड संपतात. ते ‘डीएफ -आय’ ने कळतं. आणि एखादी फाइल डिलीट केलीत, पण चालू प्रोसेसने ती उघडी धरून ठेवली असेल, तर एक बाइटही मोकळा होत नाही. ती कोणी धरलीय ते ‘एलएसओएफ’ दाखवतं.

घाईच्या साफसफाईची किंमत

जुने लॉग उडवणं निरुपद्रवी वाटतं. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर नेमकं हेच काम करणारी स्क्रिप्ट होती: दहा दिवसांपेक्षा जुने लॉग काढायचे. पुरवठादार कंपनीने ती सुधारली, पण जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच नवी तिच्यावर लिहिली गेली. बॅश स्क्रिप्ट वाचत वाचत चालवतं, त्यामुळे मध्येच नवा मजकूर हाती आला. डिरेक्टरीचं नाव ज्या व्हेरिएबलमध्ये असायला हवं होतं, ते रिकामं निघालं. लॉगऐवजी संशोधकांच्या फाइल्स पुसल्या गेल्या: सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाख फाइल्स, १४ संशोधन गट. त्यांतल्या चार गटांचा डेटा परत मिळवता आला नाही.

उलट बाजूही बघा. सिस्टमडीचं जर्नल मुळातच मर्यादा घालून येतं: फाइल सिस्टिमच्या १० टक्के, पण ४ जीबीच्या वर नाही. मर्यादा गाठली की सगळ्यात जुनी नोंद जाते. डिस्क वाचते, पण दोन महिन्यांपूर्वीचा रन का बिघडला याचं उत्तर तोवर गेलेलं असू शकतं.

मला यात सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो ऑडिटडी. जागा संपल्यावर काय करायचं हे तो तुम्हालाच आधी ठरवायला लावतो: दुर्लक्ष करू, जुनी फाइल फिरवू, नोंदी थांबवू, की मशीनच बंद करू? शेवटचा पर्याय टोकाचा वाटतो. पण नोंद नसलेलं काम होण्यापेक्षा काम न झालेलं बरं, असं म्हणणारी ठिकाणं असतात. संशोधन त्यांतलंच एक आहे, असं माझं मत आहे.

मग करायचं काय?

१. आधी चालू जॉब थांबवा. काहीही डिलीट करू नका.
२. लॉग आणि ‘डीएफ’, ‘डीएफ -आय’ चं आउटपुट दुसऱ्या मशीनवर कॉपी करा.
३. पहिली एरर किती वाजता आली ते शोधा. त्या क्षणानंतर लिहिलेली प्रत्येक फाइल संशयित धरा. ओळी मोजा, चेकसम जुळवा, शंका असेल तर रन पुन्हा करा.
४. मगच जागा मोकळी करा. डिलीट करणाऱ्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -यू’ लिहा, म्हणजे न ठरवलेलं व्हेरिएबल आलं की ती तिथेच थांबेल.
५. पुढच्या कोडमध्ये निकाल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, फाइल नीट बंद झाली का ते तपासा आणि मगच खरं नाव द्या. मग अर्धवट फाइल पूर्ण फाइलच्या नावाने दिसणारच नाही.

आणि हे सगळं लॅबच्या वहीत तारीख-वेळेसह लिहा. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये फ्रीज रात्रभर बंद पडला, तर सकाळी त्यातले नमुने कुणी निमूटपणे वापरत नाही. भरलेली डिस्क हा आपला बंद पडलेला फ्रीज आहे. व्हायवाला कुणी विचारलं, ‘त्या आठवड्यातले निकाल ग्राह्य कशावरून?’, तर ‘जागा केली होती, सर’ हे उत्तर पुरणार नाही.