एक नाव, अनेक सीमा : माढ्याच्या संदर्भात प्रशासकीय विभागणीची चिकित्सा

राज्यशास्त्राच्या अध्यापनात राज्याची प्रशासकीय विभागणी बहुधा उतरंडीच्या रूपात मांडली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा या मांडणीचा कायदेशीर आधार होय. विभाग, जिल्हा, उपविभाग, तालुका, मंडळ, सजा आणि गाव असा तिचा क्रम आहे. १९६० मध्ये २६ जिल्ह्यांनिशी अस्तित्वात आलेल्या महाराष्ट्रात आज ३६ जिल्हे व ६ महसुली विभाग आहेत. संख्या बदलली, तरी लहान घटक मोठ्या घटकात पूर्णपणे सामावतो हे गृहीतक कायम राहिले. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यास हे गृहीतक लावून पाहिले असता त्याच्या मर्यादा स्पष्ट होतात.

तालुक्याचे मुख्य ठिकाण माढा. तहसील कार्यालय तेथेच आहे. परंतु १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाल्यानंतर कुर्डुवाडी हे महत्त्वाचे जंक्शन बनले. आज प्रांत कार्यालय आणि माढा तालुक्याची पंचायत समिती कुर्डुवाडीत आहे. म्हणजे माढ्याशेजारच्या खेड्यातील शेतकऱ्यास सातबाऱ्याच्या तक्रारीसाठी माढ्यास आणि घरकुलाच्या चौकशीसाठी कुर्डुवाडीस जावे लागते. ही गैरसोय जुनी असून लोक तिला सरावले आहेत. खरा गुंता मतदारसंघांच्या पुनर्रचनेने निर्माण केला.

परिसीमन अधिनियम, २००२ नुसार मतदारसंघ आखताना भौगोलिक सलगता, विद्यमान प्रशासकीय सीमा, दळणवळणाची साधने आणि जनतेची सोय विचारात घेणे अपेक्षित आहे. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या २००८ च्या पुनर्रचनेत कुर्डुवाडी शहर व त्याच्या परिसरातील महसूल मंडळे करमाळा विधानसभा मतदारसंघात गेली, तर माढा विधानसभा मतदारसंघास पंढरपूर व माळशिरस तालुक्यांतील काही गावे जोडण्यात आली. येथे मंडळ हे एकक अभंग राखले गेले, हे मान्य करावे लागेल. अधिनियमाचे शब्द पाळले गेले. तालुका मात्र दुभंगला. ज्या शहरात माढा तालुक्याची पंचायत समिती भरते, त्या शहराचा आमदार करमाळ्याचा असतो. लोकसंख्येच्या समतोलासाठी अशी तोडजोड अपरिहार्य असते हे समर्थन अंकगणिताच्या पातळीवर टिकते. तालुक्याच्या कारभाराबद्दल नेमके कोणास जाब विचारावयाचा, या प्रश्नास त्यातून उत्तर मिळत नाही.

माढा लोकसभा मतदारसंघ तर दोन जिल्ह्यांत पसरला आहे. करमाळा, माढा, सांगोला व माळशिरस हे सोलापूर जिल्ह्यातील, तर फलटण व माण हे सातारा जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ त्यात मोडतात. याचा दोष केवळ जिल्ह्याची सीमा ओलांडण्यात शोधणे मात्र वरवरचे ठरेल. सांगोला व माळशिरस हे तालुके एकोणिसाव्या शतकात साताऱ्याकडूनच सोलापुरात आले, तेव्हा ही सीमा काही सनातन नव्हे. शिवाय माण व सांगोला हा अवर्षणप्रवण पट्टा आहे, आणि फलटण व माळशिरस यांना नीरेच्या कालव्यांनी जोडले आहे. या भागापुरता विचार केल्यास जिल्ह्याच्या सीमेपेक्षा मतदारसंघाची रेषा वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे. उलट माढा व करमाळ्याचे पाणी उजनीचे. एकाच मतदारसंघात नीरा व भीमा यांवर अवलंबून असलेले दोन समूह आले; त्यांचे प्रश्न एकत्र मांडणारी प्रशासकीय यंत्रणा मात्र निर्माण झाली नाही. नियोजन जिल्हावारच राहिले. राज्यघटनेच्या २४३ यघ अनुच्छेदानुसार जिल्हा नियोजन समिती जिल्ह्याचीच असते, आणि तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांमधून निवडावयाचे असतात. खासदार निधीसाठीही एकाच जिल्ह्याची मध्यवर्ती जिल्हा म्हणून निवड करावी लागते. परिणामी खासदाराचे प्रतिनिधित्व दोन जिल्हाधिकारी व दोन जिल्हा परिषदा यांच्यामध्ये विभागले जाते. २००९ च्या निवडणुकीत शरद पवार यांनी येथून विजय मिळविल्यामुळे या मतदारसंघाची चर्चा राज्यभर झाली, पण ती उमेदवाराभोवतीच फिरली. सीमांच्या या विसंगतीकडे अभ्यासकांचेही फारसे लक्ष गेले नाही.

याच पार्श्वभूमीवर पंढरपूर जिल्ह्याच्या निर्मितीची मागणी तपासली पाहिजे. जिल्हा लहान झाला की प्रशासन जवळ येते, हा तिच्यामागील युक्तिवाद अंतरापुरता खरा आहे. तथापि महसुली सीमा राज्य शासन अधिसूचनेद्वारे बदलू शकते. लोकसभा मतदारसंघाची सीमा त्याबरोबर बदलत नाही. उद्या माढा, सांगोला व माळशिरस हे तालुके नव्या जिल्ह्यात गेले आणि करमाळा सोलापुरातच राहिला, तर आज दोन जिल्ह्यांत विभागलेला माढा लोकसभा मतदारसंघ तीन जिल्ह्यांत विभागला जाईल, आणि कुर्डुवाडीच्या मतदाराचा आमदार दुसऱ्या जिल्ह्यातील तालुक्याच्या नावाने निवडला जाईल.