उतारवयातील मुष्टियोद्धा : एक कथा व एक चित्रपट

पाय जड झाले आहेत, भुवयांवरची कातडी जुन्या टाक्यांनी दुबळी झाली आहे, नवख्या पोराचा ठोसा येताना दिसतो पण चुकविता येत नाही; असा मुष्टियोद्धा रिंग का सोडीत नाही? क्रीडावार्ताहर हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारीत आले आहेत आणि त्याची ठरलेली दोन उत्तरेही देत आले आहेत: पैसा आणि अहंकार. ही उत्तरे खोटी नव्हेत. परंतु ती फार लवकर हाती लागतात, आणि लवकर हाती लागलेल्या उत्तराविषयी आम्हांस नेहमीच थोडा संशय वाटतो. म्हणून या प्रश्नाकडे कलावंतांनी कसे पाहिले हे तपासण्यासाठी आम्ही येथे दोन कलाकृती घेत आहोत. एक, जॅक लंडन यांची १९०९ साली प्रसिद्ध झालेली ‘अ पीस ऑफ स्टेक’ ही कथा. दुसरी, रॉड सर्लिंग यांनी लिहिलेला व राल्फ नेल्सन यांनी दिग्दर्शित केलेला ‘रिक्वियम फॉर अ हेवीवेट’ हा १९६२ सालचा चित्रपट.

लंडन यांची कथा ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात घडते. टॉम किंग हा चाळिशीचा मुष्टियोद्धा. सामन्याच्या संध्याकाळी त्याच्या ताटात पाव आणि पिठाची पातळ कालवणी, एवढेच. तेही पीठ बायकोने शेजारणीकडून उसने आणलेले. मुलांना न जेवताच झोपविले आहे. मांसाचा एक तुकडा मिळाला असता तर अंगात बळ आले असते, पण खाटिकाने उधारी नाकारली आहे. भाड्याला पैसे नाहीत म्हणून टॉम दोन मैल चालत सामन्याला जातो. समोर न्यूझीलंडचा तरुण सँडेल. टॉम आपली शक्ती कंजूषासारखी जपून वापरतो, अनुभवाच्या जोरावर सँडेलला पुनःपुन्हा खाली पाडतो, आणि अखेरचा एक ठोसा तेवढा कमी पडतो. घरी परतताना, कधी काळी आपण हरविलेला एक म्हातारा मुष्टियोद्धा सामन्यानंतर का रडला होता, हे त्याला उमगते.

रचनेच्या दृष्टीने या कथेत बोट ठेवावयास जागा नाही. शक्ती वाचविणाऱ्या माणसाची हालचाल लंडन यांनी जितक्या बारकाईने टिपली आहे तितकी अन्य कोणी टिपलेली आमच्या वाचनात नाही. म्हातारा योद्धा आशा का सोडीत नाही याचे एक शारीरिक कारणही या कथेतून कळते. मुष्टियोद्ध्याचे सर्व अवयव एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. आधी पाय जातात, मग नजर आणि हात यांचा मेळ बिघडतो. ठोशातील जोर मात्र सर्वांच्या शेवटी जातो. त्यामुळे सरावाच्या पिशवीवर हात मारताना त्याला आपण पूर्वीचेच आहोत असे अगदी प्रामाणिकपणे वाटते. पिशवी उलट मारीत नाही.

तथापि या कथेबद्दल आमची एक तक्रार आहे. तीत अपराधी कोणीच नाही. तारुण्य येते आणि वार्धक्याला पाडते, एवढा निसर्गनियम लेखक सांगतो आणि बाकीचे भुकेवर सोपवितो. काही योद्ध्यांच्या बाबतीत हे पुरेसे ठरते. जो लुई यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या सामन्यांची कमाई सैन्याच्या मदतनिधींना दिली, तरी प्राप्तिकराचे ओझे त्यांच्या मानेवर बसले. ते फेडण्यासाठी निवृत्तीनंतर ते परत आले, आणि २६ ऑक्टोबर १९५१ रोजी सदतिसाव्या वर्षी रॉकी मार्सियानो यांनी त्यांना आठव्या फेरीत दोरांबाहेर पाडले. पण मुहम्मद अली यांचे काय? त्यांच्या घरी शेजारणीकडून पीठ आणण्याची वेळ नव्हती. येथे लंडन यांचे उत्तर अपुरे पडते, आणि सर्लिंग यांचा चित्रपट पुढे सरसावतो.

‘रिक्वियम’ हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाही. मृतांसाठी अर्पण होणाऱ्या मिस्साचे ते नाव. चित्रपटात मात्र ज्याच्यासाठी हा शब्द योजला आहे तो माउंटन रिव्हेरा (अभिनेते अँथनी क्विन) जिवंत आहे. सतरा वर्षे लढून झाल्यावर डॉक्टर त्याला सांगतात की यापुढे लढलास तर दृष्टी जाईल. म्हणजे रिंग सोडावयाचे कारण मिळाले, आणि तो ते मानतोही! पैसा वा अहंकार त्याला अडवीत नाही. त्याला अडवितो त्याचा मॅनेजर मेश. मेशने आपल्याच माणसाविरुद्ध पैज लावलेली असते की हा फार फेऱ्या टिकणार नाही. माउंटन सातव्या फेरीपर्यंत टिकतो, आणि त्याच्या या धैर्यानेच मेश कर्जात बुडतो. आता ते कर्ज फेडण्यासाठी माउंटनने विदूषकी वेष घालून कुस्तीच्या रिंगणात उतरावे, अशी मेशची योजना. आपल्याकडे जिला नुरा कुस्ती म्हणतात, तसली ही कुस्ती. आयुष्यात एकही सामना ठरवून न हरलेल्या माणसाला ही मागणी.

रोजगार कचेरीतील एक बाई माउंटनसाठी मुलांच्या सुटीतील शिबिरात खेळ शिकविण्याची नोकरी शोधते. या प्रसंगाचे महत्त्व मराठी वाचकाला चटकन कळेल. आपल्या तालमीत उतारवयाच्या मल्लाला वस्तादाची जागा असते. लंगोट उतरविला तरी त्याचे नाव आणि त्याचा शब्द शिल्लक राहतो. माउंटनला नेमकी तीच जागा मिळू पाहते. आणि मुलाखतीच्या आधी मेश त्याला दारू पाजून ती घालवितो. आमच्या मते चित्रपटातील सर्वांत क्रूर ठोसा हाच. तो रिंगबाहेर, मित्राच्या हातून, खांद्यावर हात ठेवून मारलेला आहे.

चित्रपट पहिल्याच दृश्यात आपल्याला म्हाताऱ्या योद्ध्याच्या डोळ्यांत बसवितो. पडद्यावर समोरून ठोसे येतात, आणि ते मारणारा वीस वर्षांचा तरुण आहे कॅशियस क्ले. पुढे मुहम्मद अली झालेला तोच हा. चित्रपटात तो स्वतःच्याच नावाने आला आहे. पंधरा वर्षांनी, सप्टेंबर १९७७ मध्ये, अर्नी शेव्हर्सविरुद्धच्या सामन्यानंतर अली यांचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडे बिघडत असल्याचा अहवाल अली, त्यांची पत्नी व मॅनेजर यांना पाठविला. कोणाचेही उत्तर आले नाही. डॉक्टरांनी काम सोडले. सामने सुरू राहिले. २ ऑक्टोबर १९८० रोजी, अडतिसाव्या वर्षी, लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये अली आपल्याच जुन्या सराव-जोडीदारासमोर, लॅरी होम्स यांच्यासमोर, दहा फेऱ्या केवळ मार खात उभे राहिले. त्याच सीझर्स पॅलेसमध्ये जो लुई उतारवयात पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी करीत होते! दहाव्या फेरीनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी सामना थांबविला, तेव्हाही कोपऱ्यातील दुसरा साहाय्यक त्यांना ओढून आणखी एक फेरी मागत होता.

ही एक फेरी कोणाची होती? अली यांची खासच नव्हे. एका प्रसिद्ध योद्ध्याच्या मुठीवर किती चुली पेटतात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. प्रशिक्षक, मॅनेजर, सामना भरविणारे, तिकिटे व प्रक्षेपण विकणारे, यांपैकी ज्यांना खरी अवस्था ठाऊक असते त्यांचीच भाकरी ती न सांगण्यावर अवलंबून असते. यात आणखी एक भयंकर गोष्ट आहे. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी वैद्याने १९२८ सालीच दाखवून दिले होते की डोक्यावरील सततच्या ठोशांनी मुष्टियोद्ध्याचा मेंदू बिघडतो. ज्या अवयवाने ‘आता पुरे’ असे ठरवावयाचे, त्याच अवयवावर हा व्यवसाय घाव घालतो. मग निर्णय एकट्या योद्ध्यावर सोडणे हा न्याय कसा? अली डिसेंबर १९८१ मध्ये बहामा बेटांवर पुन्हा लढले, पुन्हा हरले. १९८४ साली त्यांना पार्किन्सनचा विकार असल्याचे निदान झाले.

याला अपवाद आहे, आणि तो प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. जॉर्ज फोरमन १९७७ साली रिंग सोडून धर्मोपदेशक झाले. ह्यूस्टनमधील आपल्या युवककेंद्राला पैसा हवा म्हणून दहा वर्षांनी ते परतले, आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी पंचेचाळिसाव्या वर्षी मायकेल मूरर यांना पाडून जगज्जेते झाले. फोरमन यांचा आम्ही आदर करतो. त्यांच्या विजयाचे मात्र भय वाटते. त्या एका रात्रीचा दाखला पुढे प्रत्येक मेशला आयता मिळाला.

सर्लिंग यांच्या चित्रपटात दोष नाहीत असे नव्हे. रोजगार कचेरीतील बाई आणि माउंटन यांच्यातील हळवा प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटतो, आणि सावकारी करणारी खलनायिका तर नाटकी आहे. १९५६ साली हीच कथा दूरचित्रवाणीवर आली तेव्हा तिचा शेवट आशेचा होता. माउंटन आगगाडीने गावी निघतो आणि वाटेत एका लहान मुलाशी बोलतो. चित्रपटाच्या वेळी लेखकाने तो बदलला. मेशचा जीव वाचावा म्हणून माउंटन डोक्यावर पिसांचा टोप चढवून रेड इंडियनाच्या वेषात रिंगणात उतरतो आणि हसणाऱ्या गर्दीपुढे नाचतो. काहींना हा शेवट फार कडू वाटला असेल. आम्हांस तो अधिक खरा वाटतो, कारण आपण कशासाठी काय विकीत आहोत हे त्या क्षणी माउंटनला पुरते ठाऊक आहे, आणि समोरच्या गर्दीला ते जाणून घ्यावयाचे नाही.

अली यांना हरविणारे होम्स जानेवारी १९८८ मध्ये माईक टायसन यांच्याकडून पडले, तेव्हा तेही अडतीस वर्षांचेच होते. त्यांची शेवटची लढत २००२ साली, बावन्नाव्या वर्षी झाली. आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमधील एका फुटबॉलच्या मैदानात अठ्ठावन्न वर्षांचे टायसन सत्ताविशीच्या तरुणापुढे उभे राहिले. फेऱ्या आठच, आणि तीनऐवजी दोन मिनिटांच्या ठेवल्या होत्या. म्हणजे त्यांचे वय किती झाले आहे हे ठरविणाऱ्या सर्वांना माहीत होते. तिकीट काढून सत्तर हजार लोक आले होते.