उद्धरणांची मोजदाद आणि भाषासंशोधन

भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये एच-निर्देशांक मांडला: ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा उद्धरणे, त्याचा निर्देशांक दहा. जीवशास्त्रात हे आकडे मोठे येतात, हे हिर्श यांनीच नोंदवले होते. मग एकच फूटपट्टी सर्व विषयांना कशी लागू व्हावी?

धारवाडचे शाळाशिक्षक शं. बा. जोशी यांनी कन्नड व मराठीत ग्रंथ लिहिले. साहित्य अकादमीने १९७० मध्ये त्यांना पुरस्कार दिला, रा. चिं. ढेरे यांनी त्यांच्या मांडणीची दखल घेतली. परंतु इंग्रजी नियतकालिकांवर उभ्या असलेल्या सूचींत असे ऋण क्वचितच नोंदले जाते.

म्हणून तुलना विषयांतर्गतच व्हावी. उर्दू-मराठीच्या अध्यापकाची पदोन्नती ठरवताना समितीने आकड्याआधी ग्रंथ वाचावा.