‘बेथलेहेम कुरवंजी’ आणि तंजावरच्या ल्युथरन मंडळीचे भक्तिजीवन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्यूत्शाव हे दोन जर्मन ल्युथरन धर्मोपदेशक डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने तरंगंबाडी येथे उतरले. भारतातील प्रोटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ येथून मानला जातो. पुढे याच कार्याचा विस्तार तंजावरला झाला आणि तेथील मंडळीतून वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) हा तमिळ ख्रिस्ती कवी उदयास आला. तंजावर हे मराठी राजसत्तेचे केंद्र असल्यामुळे या कवीचा विचार मराठी अभ्यासकालाही महत्त्वाचा वाटतो. वेदनायगम आणि सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) हे दोघेही ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ या ल्युथरन मिशनऱ्याच्या छत्राखाली वाढले. पुढे राजाने कवीला आश्रय दिला.

वेदनायगम यांच्या ‘बेथलेहेम कुरवंजी’कडे सामान्यतः ख्रिस्ती भक्तीच्या देशीकरणाचा नमुना म्हणून पाहिले जाते. हे मत चुकीचे नसले तरी अपुरे आहे. भक्तीचे रूप देशी झाले, म्हणजे नेमके कोणाचे झाले, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या अनुषंगाने विचार करावयाचा आहे.

ल्युथरन उपासना आणि अनुवादित गीत :

ल्युथरन परंपरेत श्रद्धा ही ऐकण्याशी आणि गाण्याशी जोडलेली आहे. मनुष्य कर्माने नव्हे, तर श्रद्धेने नीतिमान ठरतो. आणि ती श्रद्धा वचनाच्या श्रवणातून जागी होते, अशी तिची मूळ धारणा आहे. त्यामुळे उपासना लोकभाषेत असावी आणि गायनात सर्व मंडळीने सहभागी व्हावे, असा आग्रह मार्टिन ल्यूथर यांनी धरला. १५२४ मध्ये ल्युथरन गीतांचा पहिला छोटा संग्रह प्रसिद्ध झाला, तर १५२६ मध्ये ल्यूथर यांनी जर्मन भाषेतील उपासनाविधी प्रसिद्ध केला.

तरंगंबाडीत त्सीगेनबाल्ग यांनी याच आग्रहातून तमिळ भाषा आत्मसात केली आणि ल्यूथर यांच्या लघुप्रश्नोत्तरीचा व नव्या कराराचा तमिळ अनुवाद केला. मात्र गीतांच्या बाबतीत एक विसंगती उद्भवली. शब्द तमिळ झाले, चाली जर्मनच राहिल्या. पुढे योहान फिलिप फाब्रिसियस (१७११–१७९१) यांनी या अनुवादित गीतांना बरीच प्रौढी प्राप्त करून दिली; तरीही तमिळ शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ आणि जर्मन चालीचे आघात यांचा मेळ बसविणे सोपे नव्हते. मंडळीने ही गीते पाठ केली, त्यांवर प्रेमही केले. पण घरी, प्रवासात, लग्नकार्यात ओठांवर येणारे गाणे वेगळ्याच वळणाचे होते.

‘बेथलेहेम कुरवंजी’चे स्वरूप :

ही उणीव वेदनायगम यांच्या रचनांनी भरून काढली. १८०० च्या सुमारास त्यांनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. कुरवंजी हा तमिळ गेयनाट्याचा लोकप्रिय प्रकार होय. मिरवणुकीने जाणाऱ्या देवाला किंवा राजाला पाहून नायिका विरहव्याकूळ होते. डोंगरकपारीतून आलेली भटकी कुरत्ती तिचा हात पाहून मीलनाचे भाकीत करते. शेवटी कुरत्तीचा पारधी नवरा तिला शोधीत येतो, असा त्याचा सांकेतिक आराखडा असतो.

वेदनायगम यांनी हा आराखडा जवळजवळ जसाच्या तसा ठेवून त्यातील अर्थ बदलला. मिरवणुकीतला नायक ख्रिस्त झाला. नायिका देवमोहिनी ही सियोनकन्या, म्हणजेच ख्रिस्ती मंडळी, झाली. कुरत्ती श्रद्धेचे रूप घेऊन आली आणि पारध्याचे जाळे आत्म्यांना गोळा करणारे ठरले. कर्नाटक संगीतातील राग-तालांमध्ये बांधलेल्या या पदांत सूर्यकेंद्री खगोलविज्ञानालाही स्थान मिळाले. श्वार्ट्झ यांच्या परंपरेतील शाळेत मिळालेले आधुनिक ज्ञान आणि भक्तिकाव्य यांची ही सांगड लक्षणीय आहे. खुद्द सरफोजीराजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी रचनेतही कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. एकाच नगरीत, एकाच गुरूच्या प्रभावाखालील दोघांनी, दोन भाषांत एकाच नाट्यप्रकाराला नव्या ज्ञानाचे वाहन बनवावे, हा तौलनिक अभ्यासाचा स्वतंत्र विषय ठरेल.

ल्युथरन श्रद्धाविचाराच्या दृष्टीने येथे कुरत्तीची योजना सर्वांत अर्थपूर्ण वाटते. नायिका स्वतःच्या पुण्याईने नायकाला मिळवीत नाही. बाहेरून आलेल्या वाणीवर ती विश्वास ठेवते. ही वाणी उच्चारणारी स्त्री कुलीन नाही, सुशिक्षित नाही. भटक्या जमातीची आहे. शिवाय कुरवंजीच्या संकेतानुसार नायिकेला आपला हात तिच्या हाती द्यावाच लागतो. स्पर्शावाचून हे भाकीतच संभवत नाही.

काव्यातील स्पर्श आणि मंडळीतील अंतर :

काव्यातील हा संकेत मंडळीच्या प्रत्यक्ष जीवनाशी ताडून पाहिला असता मोठी तफावत दिसते. अठराव्या शतकातील तरंगंबाडी आणि तंजावरच्या मंडळ्यांत उच्चवर्णीय व परैयर विश्वासी वेगवेगळे बसत असत. १७३३ मध्ये आरोन या वेळ्ळाळर जातीच्या उपदेशकाला पाळकपदाची दीक्षा मिळाली. राजनायकन हा परैयर उपदेशक कर्तबगार असूनही त्याला मात्र ती मिळू शकली नाही. कारण त्याच्या हातून प्रभुभोजन घेण्यास इतर जातींचे लोक राजी होणार नाहीत, अशी मिशनऱ्यांना भीती होती. श्रद्धेची वाणी त्याच्या मुखातून ऐकली गेली, परंतु त्याच्या हातची भाकर स्वीकारली जाईल याची खात्री कोणालाच वाटली नाही.

वेदनायगम स्वतः वेळ्ळाळर होते. नव्या पिढीतील मिशनऱ्यांनी जातिभेद मोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा १८२९ मध्ये त्यांनी जातिसुधारणेच्या प्रयत्नाला वेडेपणा ठरविणारा ग्रंथ लिहिला. नव्या मिशनऱ्यांविरुद्धची त्यांची गाऱ्हाणी चार होती : जुन्या तमिळ बायबलमध्ये फेरफार केले, सर्व जातींना बळजबरीने एकत्र आणले, लग्न-अंत्यविधींतील फुले बंद केली आणि उपासनेतून तमिळ गीत-संगीत हद्दपार केले. समीक्षकाने ही यादी सुटी सुटी करून वाचू नये. फुले आणि गीते यांविषयीची तक्रार आज आपल्याला न्याय्य वाटते, तर जातीविषयीची अन्याय्य. कवीच्या मनात मात्र ती एकच तक्रार होती. आपली भाषा, आपले संगीत आणि आपली पंगत हे सारे त्याच्या दृष्टीने एकाच ‘आपलेपणा’चे घटक होते.

१८३३ मध्ये अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतील जातिभेद पूर्णपणे सोडण्याचा आदेश दिला. त्यानंतर दुरावलेली अनेक उच्चवर्णीय कुटुंबे लायप्झिगच्या ल्युथरन मिशनकडे वळली. जातीला सामाजिक रीत मानून तिच्याबाबत सबुरी ठेवण्याचे या मिशनचे धोरण होते. ज्या बाबी शास्त्राने आज्ञापिल्या नाहीत आणि निषिद्धही केल्या नाहीत, त्यांबाबत मोकळीक असावी, हे ल्युथरन तत्त्व मुळात उदार आहे. फुले व राग यांना ते यथार्थपणे लागू पडते. पण ज्या भेदामुळे प्रभुभोजनाचा पेला कोणाच्या ओठांनंतर कोणी घ्यावा हे ठरते, त्याला रीत म्हणून बाजूला ठेवता येत नाही. तो उपासनेच्या गाभ्यालाच भिडतो.

मराठी संदर्भ आणि उत्तरकाल :

मराठीत नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग आणि कीर्तन यांतून ख्रिस्तभक्तीला देशी वाणी दिली. ते ल्युथरन नव्हते. तथापि त्यांचे उदाहरण तुलनेस उपयुक्त आहे. त्यांनी स्वीकारलेल्या अभंगाच्या परंपरेत चोखामेळ्याचा आवाज आधीच होता. १९१७ मध्ये स्थापिलेल्या ‘देवाचा दरबार’मध्ये तर त्यांनी बाप्तिस्म्याची सीमाही सैल केली.

तमिळ ल्युथरन मंडळ्यांत आजही अनुवादित ‘ज्ञानप्पाट्टु’ आणि कर्नाटक वळणाची ‘कीर्तनै’ हे दोन्ही प्रवाह नांदतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मदुराईच्या तमिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरीत, जिच्यात ल्युथरन मंडळ्याही सहभागी आहेत, थिओफिलस अप्पावू (१९४०–२००५) यांनी लोकसंगीताच्या आधारे दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी केली. कर्नाटक कीर्तनाचे देशीपण हे वस्तुतः एका वर्गाचे देशीपण आहे, हा आक्षेप त्यातून पुढे आला. वेदनायगम यांच्या यादीला मिळालेले हे एक उशिराचे, पण आवश्यक उत्तर होय.

निष्कर्ष :

१. ल्युथरन उपासनेतील लोकभाषेचे तत्त्व तंजावरात अनुवादित गीतांनी अंशतः आणि वेदनायगम यांच्या पदांनी अधिक पूर्णत्वाने साकार केले.

२. ‘बेथलेहेम कुरवंजी’त श्रद्धेला भटक्या कुरत्तीचे रूप देऊन कवीने स्वतःच्या सामाजिक भूमिकेच्या पलीकडचे सत्य मांडले आहे. कृती ही कर्त्यापेक्षा पुढे गेली आहे.

३. भक्तीच्या देशीकरणाचे मूल्यमापन केवळ राग, छंद आणि रूपके यांवरून करणे पुरेसे नाही. त्या भक्तीत कोणाच्या हाताचा स्पर्श मान्य झाला आणि कोणाचा नाही, याचीही नोंद समीक्षेने घेतली पाहिजे.